रिकाम्या सीटचा पट्टा

१

रविवारचं जेवण झालं की झ्वेलाखे म्चुनू गाडीची किल्ली खिशात टाकून बाहेर पडायचा. कुठं जायचं असं काही नसे. पीटरमारित्झबर्गच्या वरच्या अंगाला जुन्या बंगल्यांची वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांतून गाडी हाकायची, तीही इतकी सावकाश की काठी टेकत चाललेल्या म्हाताऱ्यानंही मागं टाकावं. दुसरा गिअर, काच खाली, रेडिओ बंद. ऑक्टोबरात जॅकरँडा फुलला की डांबरावर जांभळा थर साचायचा आणि ती फुलं चाकांखाली पुटपुट फुटायची. हा आवाज ऐकायला मिळावा म्हणून झ्वेलाखे आठवडाभर कळ काढायचा.

आठवडाभर त्याला कळ काढावीच लागे. गाडी शिकणाऱ्यांची परवान्यासाठी परीक्षा घ्यायची ही त्याची नोकरी. रोज कुणी ना कुणी त्याला शेजारी बसवून खांबावर, भिंतीवर नाहीतर ट्रकच्या बुडावर नेऊन घालू पाहायचं. असल्या माणसाला रविवारी थोडं सावकाश जावंसं वाटलं, तर त्यात कुणाचं काय बिघडलं? पण बंगलेवाल्यांना ते पटायचं नाही. काळा माणूस, पांढरी गाडी आणि घाई नाही, म्हणजे घरं हेरतोय. सुरुवातीला पहारेकऱ्यांनी त्याला अडवून विचारलं होतं, "काय शोधताय?" झ्वेलाखे म्हणाला, "झाडं बघतोय." त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वेडा आहे असं ठरवून सोडून दिलं. पुढं सवय झाली.

त्याच्या धाकट्या भावानं मात्र त्याला कधी असं सुखासुखी सोडलं नाही. सिबोनेलो मिनीबस टॅक्सी चालवायचा. आडदांड, दारातून आत यायचं तर वाकावं लागे, आणि तेही विसरून चौकटीवर डोकं आपटून घ्यायचा. दादाच्या गाडीत डावीकडं बसायचा, हात बाहेर टाकायचा आणि दाराच्या पत्र्यावर ठेका धरायचा. थाप थाप, थाप. टॅक्सीत गिऱ्हाईक बोलवायची ती त्याची सवय.

"दादा, ही गाडी आहे की मयत?" तो म्हणायचा. "मागं रडणाऱ्या बायका तेवढ्या बसव, म्हणजे झालं."

"पट्टा बांध."

"बांधतो. पुरला पाहिजे ना पण! बघू, आधी पट्टा संपतो का मी."

मग त्याची मूत्रपिंडं गेली. टॅक्सी गेली. दवाखान्यातून सुई-नळ्या सोसून बाहेर आला की झ्वेलाखे त्याला घरी आणायचा, तेव्हा तो चेष्टा करीनासा झाला. एकदा आपणहून म्हणाला, "आज जांभळ्या रस्त्यानं ने." पुढं ते ठरूनच गेलं. हात बाहेर असायचा, पण ठेका हळूहळू मंदावत गेला.

फुलांना सुरुवात झाली आणि सिबोनेलोनं त्याच दवाखान्यात प्राण सोडला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, झ्वेलाखे हॉथॉर्न रस्त्यानं एकटाच चालला होता. समोरून करड्या गाडीतली बाई आली. हिवाळ्यापासून ती दर रविवारी दिसायची. त्याच्याइतकीच हळू आणि त्याच्याइतकीच एकटी. दोघं एकमेकांना सुकाणूवरचं बोट उचलून दाखवायची, एका छंदाची माणसं दाखवतात तसं. आज तिनं बोट उचललं नाही. ती आपल्या शेजारच्या सीटकडं बघत होती.

ती गेली. झ्वेलाखेची गाडी हिरव्या फाटकाच्या घरापुढं आली, आणि समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला. टिंग. टिंग. टिंग. शेजारी बसलेल्यानं पट्टा बांधलेला नाही.

त्यानं डावीकडं पाहिलं. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, वर्तमानपत्र नाही, साधी टोपीसुद्धा नाही. रस्त्याच्या शेवटच्या वळणापर्यंत गाडी टिंगटिंग करत राहिली. वळण घेतलं आणि गप्प झाली.

२

गॅरेजवाल्यानं सीटखाली हात घालून वायरी चाचपल्या. मग पाण्याचा भरलेला कॅन सीटवर ठेवला. गाडी वाजली. कॅन उचलला, गाडी गप्प.

"ह्यात काही बिघाड नाही, साहेब. वजन पडलं की ओरडतंय, उठलं की गप्प. तुमच्या परीक्षेला येणाऱ्यांपेक्षा हे बरं."

झ्वेलाखे हसला. त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. पुढच्या रविवारी तो मुद्दाम हॉथॉर्न रस्त्याला गेला. उन्हानं तारा तापत असतील, रस्त्याला तिथं उंचवटा असेल, अशी कारणं वाटेत जमवत गेला. हिरवं फाटक आलं. टिंग. वळण आलं. गप्प. त्यानं उलट फिरून पुन्हा गाडी आणली, ह्या खेपेला जोरात. काही वाजलं नाही. पुन्हा फिरवून सावकाश आणली. वाजली. चढायला वेळ मिळाला पाहिजे ना, असं त्याच्या मनात आलं, आणि तो स्वतःवरच भडकला. शिकला-सवरलेला माणूस, सरकारी नोकरी, आणि डोक्यात हे.

तो तडक आईकडं गेला. ती, माझोंडी, एडेंडेलच्या वस्तीत अजून जुन्याच घरात राहायची. डोळ्यांत मोती पिकून दोन्ही डोळे गेले होते, पण कान असे की बाहेर कोंबडी फिरकली तरी कुणाची ते सांगावं. सिबोनेलोचं कार्य होऊन महिना होत आला, तरी ती दार उघडं टाकून दाराकडं तोंड करून बसायची.

"कोण, झ्वेला? ये. दार लावू नको."

"आई, गार वारा येतोय."

"येऊ दे. तो आला नाही रे अजून."

"आई, फांदी आणली. बकरा कापला. एलियास काकांनी सगळं रीतसर केलं. अजून काय राहिलं?"

"केलं खरं. पण चौकटीवर डोकं आपटलेलं मी ऐकलं नाही." तिनं तोंड त्याच्याकडं वळवलं. "तू त्याला सगळी वळणं सांगितलीस ना?"

"सांगितली, आई."

"वाटेत कुणाशी बोलला नाहीस?"

"नाही."

तिनं मान हलवली. पोरगा म्हणतो तर खरंच असेल, अशा विश्वासानं हलवली, आणि झ्वेलाखेला तिथं बसवेना. काम आहे म्हणून तो उठला. फाटकाबाहेर गाडीत कितीतरी वेळ नुसता बसून राहिला.

३

फांदीचं काम खरं तर एलियास काकांचं. घरापासून लांब मेलेल्याला घरी आणायचं ते उम्लाह्लांकोसीच्या काटेरी फांदीनं. जिथं जीव गेला तिथं फांदी टेकवायची, नाव घेऊन, कुळाची नावं घेऊन हाक मारायची, आणि निघायचं. पण त्या दिवशी काकांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. त्यांनी फांदी झ्वेलाखेच्या हातात दिली आणि बजावलं.

"ही हातात आली की जिवंत माणसाशी बोलायचं नाही. बोलायचं ते त्याच्याशी. वळलास तर सांग वळतोय. पूल आला तर सांग पूल आला. गाडीतून उतरलास तर त्याला सांगून उतर, बसलास तर त्याला बसव. त्याला रस्ता दिसत नाही, तुझ्या बोलण्यानं चालतो तो. आणि सरळ घरी ये. कुठं रेंगाळू नको."

"मला काय लहान समजता का, काका?"

"तू रेंगाळणारा आहेस म्हणून सांगतोय."

झ्वेलाखेनं सगळं नीट केलं. दवाखान्यातल्या खाटेपाशी फांदी टेकवली. फाकादे, माचिंग्वाने, अशी म्चुनूंची नावं घेतली. फांदी डाव्या सीटवर ठेवून तिला पट्टासुद्धा बांधला. वाटेत लिफ्ट, फाटक, पहिलं वळण, सगळं सांगितलं. आणि मग टेकडीकडं जाणारा फाटा आला. वर सगळं जांभळं झालं होतं. शेवटचं एकदा त्याला तिकडून न्यावं, त्यालाही आवडायचं, असं झ्वेलाखेच्या मनात आलं. "जांभळ्या रस्त्यानं नेतो," तो फांदीला म्हणाला आणि वळला. हे त्यानं सांगितलं होतं. एवढं नक्की सांगितलं होतं.

पण गाडी त्या गल्ल्यांत शिरली आणि दर रविवारी होतं तेच झालं. भिंतींवरून लोंबणारी बोगनवेल, ओल्या गवताचा वास, चाकांखाली फुलं. वळणं येत गेली, हात आपोआप फिरत गेले, आणि झ्वेलाखे बोलायचं विसरला. मन इतकं निवांत झालं होतं की कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. भाऊ मेल्याचंसुद्धा विसरला. नंतर त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हे.

हॉथॉर्न रस्त्यावर हिरवं फाटक उघडं होतं. ह्या घरात त्याच्या आईनं अर्धं आयुष्य फरशी पुसली होती. शुक्रवारी दोघं भाऊ ह्याच फाटकाबाहेर कठड्यावर बसून तिची वाट बघायचे. आत जायची परवानगी नव्हती. आत काय आहे ते उघड्या फाटकातून आज पहिल्यांदा दिसत होतं. झ्वेलाखेनं गाडी थांबवली, दार उघडं टाकलं आणि उतरून फाटकापर्यंत गेला.

"आज पायी, साहेब?" पहारेकरी पास्काल म्हणाला. तो काँगोकडचा, बोलघेवडा. "पेट्रोल संपलं की हौस?"

"घर बघतोय फक्त. मालक बदलले का?"

"बदलले. नव्यांना झाडच नको म्हणे, फुलं तलावात पडतात."

ते झाडाबद्दल बोलले. पोहण्याच्या तलावाबद्दल बोलले. पास्कालच्या भावजयीला परीक्षा पास व्हायचीय, त्याबद्दलही बोलले. झ्वेलाखे हसला. मग घड्याळ बघून गाडीत बसला आणि निघाला. नदीवरचा पूल आला तेव्हा त्याची नजर शेजारच्या फांदीवर गेली.

"पूल आला रे," तो घाईघाईनं म्हणाला. पट्ट्याखाली फांदी होती. नुसती फांदी.

मागं फिरायला हवं होतं. पण घरी बकरा बांधलेला, सगळं गाव जमलेलं, काका दारात. झ्वेलाखे मूग गिळून गप्प बसला.

४

पुढच्या रविवारी तो ठरवूनच गेला. काकांना सांगायचं, पुन्हा रीतसर फांदी तोडायची, म्हणजे आईला सगळं सांगायचं. ते नको. गाडीत कोण चढतंय ते आता ठाऊक होतं. मग आपणच त्याला नेऊ, कुणाला कळायचं कारण नाही. आपण केलेलं आपणच निस्तरलं, की झालं.

हिरव्या फाटकापुढं त्यानं गाडी चालण्याच्या वेगावर आणली. टिंग. टिंग. त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली तरी दिवा लागलेलाच होता. सीटचं कापड सपाट होतं. दुपारचं ऊन त्यावर सरळ पडलं होतं आणि लपून राहायला जागा कुठंही नव्हती.

आता नाव घ्यायचं होतं. नाव, मग कुळाची नावं, मोठ्यानं, सगळी. झ्वेलाखेनं तोंड उघडलं, आणि पास्काल खिडकीपाशी आला.

"काय साहेब, ह्या रस्त्यानं तुमच्यावर काय जादू केलीय? त्या करड्या गाडीतल्या बाईचंही तसंच. इथंच थांबते, एकटीच बोलते. मी म्हटलं, मॅडम, फोनवर आहात का? तर रडायला लागली."

"असं?" झ्वेलाखे म्हणाला.

"तुम्ही तरी बोलत नाही ना एकटे?" पास्काल हसला आणि खिडकीवर कोपर टेकवून उभाच राहिला.

गाडी टिंगटिंग करत होती. झ्वेलाखेचे कान तापले. परवाना देणारा साहेब, रिकाम्या सीटला फाकादे, माचिंग्वाने म्हणून हाका मारतोय! जीभ रेटेना. त्यानं मान वळवून, तोंडातल्या तोंडात, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "ये. बस. घरी जाऊ."

मग हात लांबवून त्यानं डावा पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. आवाज थांबला.

पट्टा सीटच्या पाठीला चिकटला नव्हता. मधे थोडी पोकळी ठेवून, कुणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा तो तणावा धरून राहिला होता. झ्वेलाखेला रडू फुटलं. "सॉरी रे," तो पुटपुटला. पास्काल चमकून मागं सरला.

पोकळी लहान होती. सिबोनेलोला पट्टा पार शेवटपर्यंत ओढावा लागायचा, हे झ्वेलाखेला आठवलं. आजारात माणूस वाळतो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

ह्या खेपेला त्यानं एकही वळण चुकवलं नाही. डावीकडं वळतोय. सिग्नलचा रोबोट आला, लाल आहे, थांबलोय. हिरवा झाला. बाजार आला. पूल आला, खाली पाणी आहे. वाटेत पुढच्या कप्प्यावर काहीतरी आपटत होतं. टक्. टक्. टक्. बसलेल्याचे पाय जमिनीला पोचत नसले आणि ते झुलवत बसलं, तर असा आवाज येईल. जॅक सुटा झाला असेल, झ्वेलाखे म्हणाला. तो बोलत राहिला, कारण बोलणं थांबलं की टकटक ऐकू यायची.

५

गाडीचा आवाज ऐकून माझोंडी दारात येऊन उभी राहिली. झ्वेलाखेनं डावं दार उघडलं, पट्टा सोडला. "आलं घर. उतर."

आईचा चेहरा उजळला. काही सांगायची गरज पडली नाही. तिनं हात पुढं केले, जरा वर, उंच माणसाच्या गालाला लावायला करतात तसे.

मग तिनं कान दिला. अंगणातल्या वाळूवर झ्वेलाखेलाही काहीतरी ऐकू आलं, की आल्यासारखं वाटलं. बारीक, भरभर. आईचे हात हवेत तसेच राहिले, आणि हळूहळू खाली आले. खूप खाली, कमरेपर्यंत.

"हा वाकला नाही," ती म्हणाली.

"आई..."

"झ्वेला, हे पाय माझ्या लेकाचे नाहीत. कुणाला घेऊन आलास?"

आत जमिनीवर कुणीतरी मोरीपर्यंत गेलं आणि परत आलं.

"नाव घेतलंस का तू? हाक मारलीस का नावानं?"

"आई, तिथं तो पहारेकरी उभा होता."

"म्हणजे नाही घेतलंस."

"नुसतं ये, बस, म्हटलं."

माझोंडी खुर्चीवर बसली. "आयुष्यभर टॅक्सीत फिरलेल्या माणसाचा भाऊ तू. दार उघडून नुसतं 'चला, बसा' म्हटलं की जो उभा असेल तो चढतो, एवढं कळत नाही तुला?"

मग झ्वेलाखेनं सगळं सांगून टाकलं. जांभळा रस्ता, उघडं फाटक, पास्काल, पुलावरची नुसती फांदी. सांगताना त्यानं आईकडं पाहिलं नाही. ती बघू शकत नव्हती तरी पाहिलं नाही.

"त्या घरापुढं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही दोघं तिथं बसायचा. मी यायला उशीर केला की धाकटा रडायचा, आणि तू म्हणायचास, दादा आहे ना, रडतोस काय." तिनं डोळे पुसले. "आता तिथं एकटाच बसलाय. आणि मी इथं महिनाभर तुझ्या शब्दावर दार उघडं ठेवलं."

झ्वेलाखेला वाटलं, हिनं आपल्याला थोबाडीत मारावी. तिनं मारली नाही. उठून, चाचपडत, तिनं वाडग्यात मक्याचा फुथू कुस्करला, त्यावर आंबट दूध ओतलं आणि तो खाली, जमिनीवर ठेवला.

"पोरगी आहे," ती म्हणाली. "लहान आहे. भुकेलीय. हिची आईही कुठंतरी दार उघडं टाकून बसली असेल. तीही कुणाला तरी विचारत असेल, वळणं सांगितली का म्हणून. काकांना निरोप धाड. रविवारी फांदी घेऊन जा, आणि ह्या खेपेला घसा फुटेपर्यंत ओरड."

तो निघताना आत चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज झाला. आई तर दारात त्याच्याजवळ उभी होती.

६

एलियास काका मागच्या सीटवर बसले, मांडीवर फांदी, डोळे मिटलेले. गुडघा अजून सुजलेलाच होता, पण झ्वेलाखेच्या हातात फांदी द्यायला ते तयार नव्हते. वाटेत ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. रीतच तशी. पण रीत नसती तरी ते बोलले नसते.

आधी दवाखाना, मग टेकडी. हॉथॉर्न रस्त्यावरचा बहर सरला होता. फुलं काळी पडून गटारीच्या कडेला साचली होती. झ्वेलाखे हिरव्या फाटकापुढं उतरला आणि ओरडला.

"सिबोनेलो! फाकादे! माचिंग्वाने! ये रे बाबा, दादा आलाय! घरी चल!"

कुत्री भुंकायला लागली. एका खिडकीचा पडदा हलला. पास्कालनं टोपी काढून हातात धरली. झ्वेलाखेला आता कुणाची लाज वाटत नव्हती. तो पुन्हा ओरडला, गाडीत बसला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली, आणि समोरच्या पट्टीवर डोळे लावले.

दिवा लागला नाही.

वळणापर्यंत गेला. फिरून आला. खिडकीतून डोकं काढून हाका मारत चालण्याच्या वेगानं पुन्हा आला. इतके दिवस त्या टिंगटिंगीनं त्याची झोप उडवली होती. आज एकदाच वाजावी म्हणून तो गाडीच्या पाया पडायला तयार होता. मागं काका फांदीला हलक्या आवाजात समजावत होते, "ये बाळा, चढ. भाऊ चुकला, रागावू नको."

तेवढ्यात समोरून करडी गाडी आली. ती हळू नव्हती. वाटेत कुठंही रेंगाळायचं नाही अशी सरळ, वेगानं येत होती. बाई सुकाणूवर वाकली होती आणि तिचे ओठ हलत होते. गाल ओले होते, तरी ती हसत होती. हरवलेलं सापडल्यावर माणूस हसतं तशी. तिच्या शेजारच्या सीटवर कुणी दिसत नव्हतं. पट्टा मात्र बांधलेला होता.

गाडी शेजारून गेली आणि पलीकडच्या अंगानं पत्र्यावर ठेका ऐकू आला.

थाप थाप, थाप.

झ्वेलाखेनं आरशात पाहिलं. करड्या गाडीच्या डाव्या खिडकीतून कोपर बाहेर आलं होतं. मोठा, काळा हात, दुखण्यात सुया टोचून टोचून मनगट गाठाळ झालेलं. तो हात दारावर पडत होता. सावकाश. शेवटी शेवटी पडायचा तसा.

हिनंही नुसतं 'ये, बस' म्हटलं असणार. पास्काल असेल उभा, किंवा दुसरं कुणी. आणि हिची पोरगी तिकडं एडेंडेलला झ्वेलाखेच्या आईच्या वाडग्यातून जेवतेय.

त्यानं गाडी अर्ध्या रस्त्यात फिरवली. परीक्षेत कुणी अशी फिरवली असती तर त्यानं जागच्या जागी नापास केलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ह्या गल्ल्यांतून गाडी पळवली. कुजक्या फुलांवरून चाकं घसरली, काका मागं एका बाजूला कलंडले, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. उतार संपला. करडी गाडी चौकात पोचली, पार झाली, आणि रोबोट लाल झाला.

झ्वेलाखेचा पाय ब्रेकवर गेला. त्यानं ठरवून दाबला नाही. इतकी वर्षं लोकांची परीक्षा घेतलेला पाय होता तो, आपोआप गेला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मागं थांबली. चौक रिकामा होता. डावीकडून कुणी येत नव्हतं, उजवीकडून कुणी येत नव्हतं. समोर करडी गाडी महामार्गाच्या चढाला लागली. डाव्या बाजूचा हात थोडा वेळ दिसला, मग इतर गाड्यांत मिसळला.

हिरवा झाला तेव्हा पाठलाग करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागं काका समाधानानं खाकरले. झ्वेलाखे जोरात निघाला, म्हणजे बाळ चढला असं ते धरून चालले होते. "बरं झालं आलास," ते फांदीला म्हणाले. "सिबोनेलो, फाकादे, आता उजवीकडं वळतोय बरं का. घट्ट बस."

सांगायला हवं होतं. काका, तो नाही आला, तो गेला. पण फांदी हातात असताना जिवंत माणसानं जिवंत माणसाशी बोलायचं नसतं. झ्वेलाखेनं त्या रीतीचा आडोसा घेतला आणि उजवीकडं वळला.

"बाजार आला, बाळा. पूल आला, खाली पाणी आहे. भिऊ नको, मी धरलंय तुला."

झ्वेलाखे ऐकत गाडी चालवत होता. एकेक वळण काका प्रेमानं सांगत होते. त्या दिवशी त्यानं सांगायला हवी होती ती सगळी.

घर आलं. आई दारात उभी होती. तिचा झगा एका बाजूनं खाली ओढला गेला होता, कुणी बारीक मुठीत धरून उभं असावं तसा. काका उतरले, फांदी छातीशी धरून लंगडत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले.

"आलं बघ घर," ते फांदीला म्हणाले. "जरा वाक. चौकट लागेल."

माझोंडीनं मान कलती करून कान दिला. झ्वेलाखेनं इंजिन बंद केलं आणि तो खाली, आपल्या हातांकडं बघत राहिला.